चिमट्याची आठवण

शस्त्रक्रियेच्या मध्येच बदललेला यंत्रहाताचा चिमटा विशाखा तांडेलनं धुतला, सांधे घासले. आता त्याची स्पर्शाची आठवण पुसायची होती. प्रत्येक रुग्णानंतर पुसावीच लागे. पण चिमटा सारखा चाचपत होता. कुतूहलानं तिनं तपासणीचा हातमोजा चढवला. चिमट्याला लागलेलं तिच्या बोटांना लागलं: मऊ यकृत आणि त्यामागे हरभऱ्याएवढं काहीतरी टणक.

तिनं थिएटरला फोन लावला. "मॅडम, गाठी किती निघाल्या?"

"एकच. आता टाके घालतोय."

"थांबा! यकृताच्या मागे एकदा बघा ना."

बऱ्याच वेळानं डॉक्टर म्हणाल्या, "आहे गं, दुसरी आहे! काढतेय."

आठवण पुसण्याआधी विशाखानं पुन्हा मोजा चढवला. माणूस आतून इतका उबदार असतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.