नवी पट्टी

मोटरहोमच्या पायरीवरची झिजून गुळगुळीत झालेली पट्टी मोरेश्वररावांनी खरवडून काढली आणि नवी, खरखरीत पट्टी दाबून बसवली. मागच्या सहलीत ते याच पायरीवरून घसरले होते. "पट्टीच झिजली होती," असं तेव्हापासून सगळ्यांना सांगत होते. त्यांच्या बायकोला, शकूताईंना, ते पटलंही होतं.

आत्तापर्यंत.

कारखान्यात फिटर असताना केसाएवढा फरकही ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, त्यांनी लावलेली पट्टी चांगली बोटभर तिरकी होती. उद्या आंबोलीचा घाट उतरायचा होता, आणि गाडी तेच चालवणार होते.

"अगं, सरळ बसलीय ना?" डोळे बारीक करत मोरेश्वररावांनी विचारलं.

"अगदी सरळ," त्या म्हणाल्या आणि गाडीची किल्ली त्यांनी हळूच कमरेला खोचली.