उजवं पान

मॅडम सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या होत्या. पर्स मांडीवर, आणि पर्समधून त्यांच्या विद्यार्थिनीच्या वहीचा निळा कोपरा डोकावत होता. त्या न कळवता आल्या होत्या. दार तिच्या आईनं उघडलं आणि ‘कॉलेजच्या मॅडम’ एवढं ऐकताच ती चहा टाकायला आत पळाली. चहा टाकण्यापलीकडे आईला काही सुचत असेल, असं लेकीला कधी वाटलंच नव्हतं.

“तू जरा बाहेर जाऊन येतेस का?” मॅडम हळूच म्हणाल्या. “मला आईंशी बोलायचंय.”

“नको मॅडम, मी थांबते. मी नसले तर ती गांगरून जाईल,” ती म्हणाली आणि तिनं मान खाली घातली. वेळेवर मान खाली घालणं तिला फार छान जमायचं.

मॅडम समाजशास्त्र शिकवायच्या आणि त्यांचं एक खूळ होतं. प्रत्येकानं चिंतनाची वही ठेवायची. डाव्या पानावर वर्गात झालेली चर्चा लिहायची आणि उजव्या पानावर त्याबद्दल आपण स्वतः काय पाहिलं, आपल्याला काय वाटलं, ते. मार्क फक्त उजव्या पानाला. वर्गानं अपेक्षेप्रमाणे माती खाल्ली. व्यसनांवर पहिल्या बाकावरच्या लंबूनं लिहिलं, ‘आमच्या घरी कुणी सिगारेटसुद्धा ओढत नाही, तरी मला फार वाईट वाटतं.’ दहापैकी चार. बेकारीवर तिच्या मैत्रिणीनं दीड पान उसासे टाकले आणि शेवटी ‘आपण सर्वांनी विचार करायला हवा’ असं म्हणून मोकळी झाली. विचार करायला हवा, एवढंच या बावळटांना ठाऊक. तो करतात कसा, याचा कुणाला पत्ता नव्हता.

तिला मात्र पहिल्या आठवड्यातच यातली गोम कळली होती. मॅडमना दुःख हवं होतं. तेही घरचं, आणि ताजं. तिच्या घरात दुःखाचा दुष्काळ. बाबांचं चष्म्याचं दुकान. भांडायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते गोड बोलून वाटेला लावायचे. सगळी गल्ली त्यांना देवमाणूस म्हणायची. आई तर असून नसल्यासारखी. अशा घरात पान कसं भरणार? मग तिनं काम अंगावरच घेतलं. सरबताशिवाय कशालाही तोंड न लावणाऱ्या मामाला तिनं दारुडा केला. बँकेत नोकरी करणाऱ्या चुलतभावाला तीन वर्षं घरी बसवलं. दोन्ही वेळेला दहापैकी नऊ. मॅडमनी समासात लिहिलं, ‘किती धीटपणे पाहतेस तू!’ ते वाचून तिला मॅडमची कीवच आली. शेवटचा विषय होता घरातली मारहाण. त्या दिवशी लायब्ररीत लपूनछपून वेफर्स खात तिनं अर्ध्या तासात बाबांना आईवर हात उचलायला लावला. क्षणभर वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ज्याची वही सगळ्यांत चांगली, त्यालाच मोठ्या विद्यापीठासाठी मॅडमची शिफारस मिळणार होती. ती तिला हवी होती. या घरातून, या गल्लीतून आणि त्या लंबूच्या वर्गातून एकदाचं सुटायचं होतं. आणि वही बाबांपर्यंत थोडीच जाणार होती?

मॅडम अशा घरी येऊन धडकतील, हे मात्र तिनं हिशेबात धरलं नव्हतं. आई काय, डोळे मोठे करून म्हणणार, अहो काहीतरीच काय. झालं. शिफारस गेली, आणि वर कॉलेजभर छी-थू.

आणि मग तिला तिचंच डावं पान आठवलं. ‘मार खाणाऱ्या बायका विचारल्यावर बहुतेक वेळा नाही म्हणतात.’ मॅडमनीच हे फळ्यावर लिहून दिलं होतं, खाली दोन रेघा ओढून. म्हणजे आई जितकं नाही म्हणेल, तितकं वहीतलं खरं ठरणार. ती हसली तर ते हसू केविलवाणं, चिडली तर ती घाबरलेली. तिचा जीव भांड्यात पडला. मॅडमना त्यांच्याच शहाणपणात बुडवायचं होतं, आणि त्यासाठी आईनं नेहमीसारखं बावळट राहिलं तरी पुरत होतं.

आई ट्रे घेऊन आली. मॅडमनी तो तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला, तिला शेजारी बसवलं आणि तिचा हात हातात धरला. काय ही नाटकं, लेक मनात म्हणाली.

“ताई, मी एकच विचारते,” मॅडम म्हणाल्या. “सांगायचं नसेल तर सांगू नका. तुमच्या मुलीनं वहीत लिहिलंय, तिचे बाबा तुम्हाला मारतात म्हणून. खरं आहे का हे?”

लेकीनं चेहरा पाडला. आता आईचा नकार आला की डोळ्यांत पाणी आणायचं, एवढंच काम उरलं होतं.

नकार येईना. तिनं वर पाहिलं. आई मॅडमकडे बघतच नव्हती. ती लेकीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा शरमेनं पार उतरला होता.

“तुला कसं कळलं गं?” आई म्हणाली. “तू घरात असताना तर ते कधीच हात उचलत नाहीत.”