आईसाहेबांची जागा

“तुमची गाडी कितीची आहे?” टीव्हीतल्या यजमानाने विचारलं. महिनाभर मुक्काम ठोकून बसलेल्या पाहुण्याने पाय आणखी लांब केले. “तुम्ही नका काळजी करू. गाडी रोज असते.”

दिग्दर्शकाची लेक खो खो हसली. त्याची आई हसली नाही.

तो नुकताच कामावरून आला होता आणि बूटही न काढता सोफ्याच्या कडेला टेकला होता. मालिका त्याचीच, पण त्याचे डोळे आईवर होते. आईचे डोळे यजमानाचं तोंड शोधत होते. पण यजमान केव्हाच गेला होता. पडद्यावर स्वयंपाकघर आलं होतं आणि यजमानाची बायको चमचा नाचवत भलतंच काही बोलत होती.

आईला ऐकू कमी यायचं. कानाचं यंत्र कपाटात पडून. “ते लावलं की भांडी आधी ऐकू येतात, माणसं मागाहून,” हे तिचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे विनोद तिच्यापर्यंत लांबच्या रस्त्याने पोचायचा. आधी बोलणाऱ्याचे ओठ बघायचे. मग ज्याला टोला बसला त्याचं तोंड बघायचं. दोन्हींची बेरीज करायची आणि मग हसायचं. सगळ्या घराचं हसून झालं की एकटीने, मोठ्यांदा.

म्हणून तो प्रत्येक विनोदानंतर टोला खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा जरा रेंगाळू द्यायचा. इतकी वर्षं हेच. जुना एडिटर तर आपणहून म्हणायचा, “सर, इथे आईसाहेबांची जागा सोडतो हं.”

नवी एडिटर चुणचुणीत होती. “सर, विनोद झाल्यावर ही माणसं अशी उभी का राहतात? बस चुकलीये का यांची?” तिचं तरी काय चुकलं? चॅनेलने सरळच सांगितलं होतं, मालिका संथ आहे, वेग वाढवा, नाहीतर आम्ही दुसरा दिग्दर्शक बघतो. दुसरे दिग्दर्शक पुष्कळ होते, आणि त्यांचे गुडघे दुखत नव्हते. तो खुर्चीत मागे रेलला, डोळे मिटले आणि म्हणाला, “काढून टाक.” ती एकेक जागा काढत गेली. भांडायचं नाही म्हटल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की तिथेच डुलकी लागली.

“बाबा, आज एकदम भारी झालंय,” लेक म्हणाली. “एरवी तुझ्या दोन विनोदांच्या मध्ये पाणी पिऊन येता येतं. आज उठूच देत नाहीयेस.”

“हं.”

“हं काय? कौतुक करतेय मी. जपून ठेव, रोज मिळत नाही.”

पाहुणा यजमानाचा चष्मा लावून यजमानाचाच पेपर वाचू लागला. लेक पुन्हा हसली. आईने स्वतःचा चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. तेवढ्यात आणखी एक विनोद निघून गेला.

“आवाज वाढव गं जरा,” ती म्हणाली. असं ती कधी म्हणत नसे. नातीने वाढवला. काही उपयोग झाला नाही. आई थोडा वेळ पडद्याशी झटली, मग मागे टेकली.

“आज विनोद नाहीयेत का रे? की मीच थकले?”

आईने टीव्हीवरची नजर काढली आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

स्वतःच्या मालिकेला तो कधी हसत नसे. सेटवर पोरं त्याला मागून ‘दगड’ म्हणत, ते त्याला माहीत होतं. “वाढणाऱ्याने आधी जेवायचं नसतं,” असं तो त्यांना सांगायचा.

पडद्यावर यजमानाने पाहुण्याची बॅग भरून दारात ठेवली. “अरे वा,” पाहुणा म्हणाला, “कुठे निघालात?”

दिग्दर्शक हसला.

“ठसका लागला का?” लेकीने विचारलं.

तो पुन्हा हसला. या वेळी जरा बरं जमलं. आईने त्याचं तोंड नीट बघितलं, बेरीज केली आणि हसली. उशिरा, एकटीने, मोठ्यांदा. तोवर पुढचा विनोद येऊन गेला होता. त्याने त्याच्या पुढचा धरला.

“बाबा, स्वतःच्याच विनोदांना काय हसतोस? शोभतं का?”

तो हसत राहिला. गाल दुखायला लागले. खांदे हलवायचे, मान मागे टाकायची, मांडीवर हात मारायचा, नटांना शिकवलेलं सगळं त्याने वापरलं. आई त्याच्या मागोमाग हसत होती आणि टीव्हीकडे कुणीच बघत नव्हतं.

जाहिराती लागल्या. आईने डोळे पुसले.

“आजचा भाग सगळ्यात छान झालाय,” ती म्हणाली. “तूसुद्धा हसलास.”

आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

दिग्दर्शक बुटाची नाडी सोडायला खाली वाकला. जाहिराती संपेपर्यंत ती नाडी काही सुटली नाही.