दोन फिल्टर

ओंडक्यात हातभर शिरून करवतीचं मशीन घुसमटलं. आवाज जड झाला, काळपट धूर आला आणि चेन लाकडातच थांबली.

"इंजिन बसलंय, वहिनी," ठेकेदार नाकावरचा रुमाल न काढताच म्हणाला. "चालवून दाखवा म्हटलं ते बरं केलं. असलं मशीन घेऊन मी काय करू?"

तिने घाम पुसला. इतकी वर्षं नवरा ओंडके चिरायचा आणि ती मागून फटीत पाचर ठोकायची. मशीन हातात आज पहिल्यांदाच. नवरा झाडावरून पडला तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्यापासून लुळा होता. मशीन विकायचं त्यानेच ठरवलं होतं, आणि आता तोच शेडमध्ये त्यांच्याकडे पाठ करून बसला होता.

तिने झाकण उघडलं. आतला फिल्टर भुशाने लिंपून गेला होता. तो उपसून तिने तोंडाजवळ नेला.

"बाहेरून फुंकू नकोस!"

दोघंही दचकली. तो उठून उभा राहिला होता.

"बाहेरून फुंकलंस तर धूळ आणखी आत बसेल. आतून बाहेर फुंकायचं. आणि चोक ओढ आधी, म्हणजे भुसा आत जाणार नाही. मशीनचं तोंड सताड उघडं टाकलंयस." बोलत बोलत तो जवळ आला. "हा कुणी लावला?"

"डब्यात हाच वर होता, अहो. मला काय कळतंय त्यातलं?"

"हा जाळीचा. फांद्या छाटायला ठीक, तेव्हा जाड भुसा पडतो. ओंडका उभा चिरताना पीठ उडतं, पीठ! निम्मं जाळीत बसलं, निम्मं इंजिनाच्या पोटात गेलं. फेल्टचे, दाट कापडाचे दोन आहेत खाली. आण."

तिने आणले. फिल्टर त्याने स्वतःच घेतला. डाव्या हाताने बसवताना तो दोनदा निसटला. वरचा नट तर भुशातच पडला. ती उचलायला वाकली आणि तशीच थांबली. तो गुडघ्यांवर बसला, भुसा चाचपत राहिला. ठेकेदाराने घसा खाकरला. नट सापडला तेव्हा त्याने तो फुंकरीने साफ केला, जागेवर टेकवला आणि अंगठ्याने हळूहळू फिरवत घट्ट केला.

"ओढ दोरी."

पहिल्या झटक्याला नाही, दुसऱ्याला मशीन कडाडलं. तिने ओंडक्यात चेन घातली.

"दाबू नकोस! त्याचं ते जाऊ दे!" तो आवाजावर आवाज चढवून ओरडत होता. बसल्या जागेवरून पाचर त्यानेच ठोकली, डाव्या हाताने, निम्मे घाव चुकत होते तरी. पहिली फळी सुटून पडली. आतलं लाकूड मधासारखं पिवळं होतं. ती त्याच्याकडे बघून हसली, पण त्याचं लक्ष फळीवर होतं.

"एका बाजूला जाड झालीय."

"पुढची बारीक करू."

दुसऱ्या फळीच्या शेवटाला त्याने एकदम हात वर केला. तिला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. तरी तिने मशीन बंद केलं. झाकण काढलं तर फिल्टरवर पांढरा थर चढलेला.

"गुदमरायला लागलं होतं," तो म्हणाला. "हा धुवायचा, तोवर दुसरा लावायचा. ओला मात्र कधी लावायचा नाही."

मळका फिल्टर आणि जुना टूथब्रश घेऊन तो साबणाच्या पाण्याच्या बादलीशी बसला. फिल्टर पायाच्या अंगठ्याखाली हलकेच धरून तो ब्रश फिरवू लागला. पाणी दुधासारखं होत गेलं.

ठेकेदाराने आता रुमाल खिशात टाकला होता. "मशीन झकास आहे हो. तुम्ही सांगाल त्या भावात घेतो."

"नाही विकायचं."

तिच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"अहो, असं काय करता?" ठेकेदार म्हणाला. "राग मानू नका, पण एका हाताने काय चालवणार तुम्ही?"

त्याने फिल्टर पाण्यातून काढला, झटकला आणि मान वर न करता म्हणाला, "एका कुठे? तीन आहेत की आमच्याकडे."