नांदती ओसरी

वळणावर टांगा दिसला तशी आनंदीबाईंनी खूण केली आणि आग्नेस मोठ्यानं हसली. हसण्यासारखं काही झालेलं नव्हतं. पण सकाळी ठरलंच होतं तसं. पाहुणे उतरायच्या आत ओसरीवरचं हसणं-बोलणं त्यांच्या कानावर पडायला हवं.

वसईजवळच्या सांडोर गावातल्या आनंदीबाईंच्या वाडीत भाड्यानं द्यायच्या मागच्या दोन खोल्या सहा महिने रिकाम्या होत्या. मुंबईची माणसं यायची, विहिरीचं पाणी चाखायची, केळीचे घड बघून हरखायची, आणि ओसरीवर टेकली की एकमेकांकडे बघायला लागायची. वसईबद्दल ऐकलेलं सगळं तेव्हा त्यांच्या तोंडावर उमटायचं. हवा चांगली, पण हिवताप. दूध ताजं, पण सापकिरडू. आणि स्वराज्य येऊन चार वर्षं झाली तरी दिवे रॉकेलचेच. मागच्या खेपेच्या बाई तर स्पष्टच म्हणाल्या होत्या, "एवढ्या वेळात एक माणूस दिसलं नाही हो! इथं हाक मारली तर ओ कोण देणार?"

मुलानं माटुंग्याला बिऱ्हाड केल्यापासून आनंदीबाई स्वतःच कुणाच्या तरी हाकेची वाट बघत होत्या. भाड्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. संध्याकाळी भिंतीपलीकडे दुसऱ्या कुणाची भांडी वाजावीत, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून या खेपेला त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. शेजारच्या वाडीतल्या आग्नेसला सुकवलेल्या केळ्यांची, सुकेळीची पुडी कबूल करून ओसरीवर आणून बसवलं. धर्मा गड्याला सांगितलं, टांगा दिसला की रहाट सुरू कर. वाडीला कालच पाणी दिलेलं होतं, त्यामुळे रहाटाचा बैलसुद्धा बुचकळ्यात पडला असेल.

टांग्यातून गिरगावचं जोडपं उतरलं. गुरुदत्त पस्तिशीचा, भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळलेला. त्याची बायको लीला मात्र चुणचुणीत, एका नजरेत सगळी वाडी पाहून घेणारी.

"या, या! आमच्याकडे हे असंच चालायचं," आनंदीबाई म्हणाल्या. "ही शेजारची आग्नेस. दिवसातून दोनदा इथं आल्याशिवाय हिला चैन पडत नाही."

आग्नेस या ओसरीवर दोन वर्षांनी बसली होती. तिनं मान जोरात हलवली. "नाय पडत. कदी कदी तर तीनदा येते!" आणि ती पुन्हा हसली.

रहाट करकरत होता. तेवढ्यात कुंपणापलीकडून कॉर्नेट वाजायला लागलं. आग्नेसचा नवरा पास्कल लग्नाच्या बँडमध्ये होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण बायकोनं घरी सगळं सांगितलेलं, आणि कुणाच्या मदतीला मागं राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं वरातीची चाल धरली होती आणि तीही अगदी छाती भरून.

लीलानं खोल्या बघितल्या. खिडक्या उघडून बघितल्या, पाणी चाखलं, मोरीचा उतारही पाहिला. प्रत्येक ठिकाणी तिचा चेहरा खुलत होता. आनंदीबाईंनी मनातल्या मनात तिची चूलसुद्धा मांडून टाकली. कितीतरी दिवसांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं. गुरुदत्त पायरीवर कपाळ दाबून बसला होता. ऊन लागलं असेल म्हणून त्यांनी त्याच्यासाठी गार पाणी आणलं.

"खोल्या अगदी मनासारख्या आहेत," लीला परत येऊन म्हणाली. "लोकांनी उगीच घाबरवलं होतं. वसई चांगली आहे हो." मग ती जरा घुटमळली. "पण हे टायफॉइडमधून उठलेत. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आवाज नको, माणसांचा त्रास नको. चाळ सोडून एवढ्या लांब आलो ते त्यासाठीच. आणि तुमच्याकडे तर आमच्या चाळीपेक्षा जास्त राबता!"

आनंदीबाईंनी तोंड उघडलं. हे सगळं सोंग आहे, एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. खोल्या भरल्या असत्या. पण माझ्याकडे कुणीच येत नाही, हे दोन परक्या माणसांपुढं आणि आग्नेसच्या देखत सांगायला त्यांची जीभ वळेना.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "शांतता तेवढी इथं मिळायची नाही."

टांगा गेला. धर्मानं बैल सोडला. पास्कलला अर्धी चाल टाकायची सवय नव्हती. त्यानं ती शेवटपर्यंत नेली आणि मग तोही थांबला. आग्नेस उठली, सुकेळीची पुडी तिनं पदराखाली घेतली.

"माणसं चांगली होती. मी जास्ती हासली काय, आनंदीबाय?"

"नाही गं. छान हसलीस."

आग्नेस कुंपणापाशी पोचली तेव्हा आनंदीबाईंनी हाक मारली. "आग्नेस, उद्या येशील?"

आग्नेस वळली. "उद्या पन कोन येनार हाय काय जागा बगाला?"

"हो, येणार आहेत," आनंदीबाई म्हणाल्या. "तू जरा लवकरच येऊन बस."