बाद नमुना

"मॅडम, शेतावर कोणते कीटक येतात ते तपासायला तुम्ही पाठवलेली भोपळ्याची फुलं बाद करावी लागतायत," प्रयोगशाळेतला माणूस फोनवर म्हणाला. "फुलावर बसून गेलेल्याचा डीएनए मागे राहतो. तुमच्या फुलांवर मधमाशी नाही, भुंगा नाही, साधी माशीही नाही. सगळ्यांवर फक्त माणसाचा. कुणीतरी उघड्या हातांनी हाताळलीत."

फुलं मीच तोडली होती, हातमोजे घालून, चिमट्याने. आईची फेरी झाल्यावर. तेव्हा आई होती.

दादाच्या द्राक्षबागेत फवारण्या वाढल्या, तसा बांधावरच्या वेलाला भोपळा धरेनासा झाला. मग आई रोज सकाळी नराचं फूल तोडायची आणि एकेका मादी फुलात हलकेच फिरवायची.

"आई, मधमाशी झालीस का गं?" दादा हसायचा.

"तू मारल्यास, मग कुणीतरी व्हायला नको?" ती मान वर न करता म्हणायची.

ती गेल्याला महिना होत आला. वेल पिवळ्याधमक फुलांनी भरलाय आणि खाली बोटाएवढे भोपळे गळून सडलेत. "बियाणंच खराब निघालं," दादा काल म्हणाला आणि ट्रॅक्टर काढून फवारणीला गेला.

"नवीन फुलं पाठवाल का?" फोनवरचा माणूस विचारत होता. "फक्त त्यांना कुणाचा हात लागलेला नको."

"पाठवते," मी म्हणाले. "आता सगळी तशीच आहेत."