मागच्या खणातली बरणी

वडिलांचा पाय वाचवायचा तर अळ्या आज संध्याकाळीच हव्यात, नाहीतर उद्या कापावा लागेल, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. मधुमेहाची जखम होती, आणि तिच्यातलं सडलेलं मांस तेवढं खाणाऱ्या माशीच्या अळ्या आमच्याच प्रयोगशाळेत वाढतात. मी कपाट उघडलं. बाबांच्या तापामुळे उपचार लांबला, तेवढ्यात कलेजीवर पोसलेल्या अळ्या गरगरीत होऊन, खाणं सोडून, कोष करायला भुशात शिरल्या होत्या. आता समोर काहीही ठेवलं तरी त्या ढुंकून बघणार नव्हत्या. मागच्या खणात दुसरी बरणी होती. दुधाच्या भुकटीवरच्या त्या अळ्या वाढीत मागे पडल्या म्हणून साहेबांनी फेकायला सांगितल्या होत्या. माझ्याच्याने ते झालं नव्हतं. झाकण काढलं, तर दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या बारीक, आणि अजून भुकेल्या. बरणी घेऊन मी दवाखान्यात गेले, अळ्या बाबांच्या जखमेवर सोडल्या आणि वरून जाळी चिकटवली. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "खातायत का गं?" लहानपणी मी घास तोंडात धरून बसायचे, दादा केव्हाच उठलेला असायचा आणि बाबा मला दटावायचे, "आटप लवकर." मी भिंग लावून वाकले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग एकीने डोकं आत खुपसलं, तिच्या मागून दुसरीने. "खातायत, बाबा. पण फार हळू." ते भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "खाऊ दे. त्यांना घाई करू नकोस."